उतरवलेला घुमट

पिंपळदऱ्यात जात्यावर आता कुणी दळत नाही. तरी लग्नसराई आली की गहिनीनाथ पाथरवटाच्या अंगणात जाती येऊन पडतात, कारण लग्नाची हळद अजून जात्यावरच दळायची असते. एरवी वर्षभर त्या जात्यांवर मिक्सरचं रिकामं खोकं, नाहीतर चपलांचे जोड ठेवलेले असतात. गहिनीनाथ त्यांना टाकी लावून देतो, म्हणजे छिन्नीने पाळी पुन्हा खरबरीत करतो, सुवासिनी नव्या साड्या नेसून दोन मुठी हळकुंडं भरडतात, फोटो निघतात आणि जातं पुन्हा कोपऱ्यात जातं.

"फोटूपुरतं जातं, आन जात्यापुरता मी," असं तो हसून सांगायचा. त्या हसण्यात फारसा आनंद नसे, पण कडवटपणाही नसे.

खर्ड्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर हे गाव आहे. जमीन हलकी, त्यामुळे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. गहिनीनाथचा एकुलता मुलगा वाल्मिकही बायकोला घेऊन कारखान्यावर जायचा. त्याने बापाची टाकी कधी हातात धरली नाही. बापानेही आग्रह केला नाही. धरून करायचं काय, हे त्याला सांगता आलं नसतं.

गहिनीनाथ स्वतः शिकला तो वडलांकडून. वडील भिमाजी विहिरी बांधायचे, देवळाच्या पायऱ्या बसवायचे, आणि कधीकाळी घुमटही करायचे. पोर लहान असताना भिमाजीने त्याला डोंगरातलं एक सीताफळ हातात देऊन घुमट शिकवला होता. देठ खाली धरायचा आणि फळाचे डोळे बघायचे. खालचे मोठे, वर जावं तसे लहान होत जाणारे. एका ओळीतल्या दोन डोळ्यांमधली फट वरच्या ओळीतल्या डोळ्याच्या पोटाखाली येते, फटीवर फट कधी येत नाही. घुमट असाच असतो, भिमाजी म्हणायचा. आधी तो मनात अख्खा धरायचा, मग त्याचे गोल थर पाडायचे, मग एकेका थराचे दगड पाडायचे. प्रत्येक दगड वर रुंद, पोटाशी अरुंद, आणि दोन्ही कुशी शेजाऱ्याच्या कुशीला टेकलेल्या. थराचा शेवटचा दगड बसला की तो थर आपला आपण उभा राहतो, कारण प्रत्येक दगड पडायला बघतो आणि पडायला जागाच नसते.

गहिनीनाथने हे सगळं ऐकलं, पण स्वतःच्या हाताने कधी केलं नाही. तो हाताशी येईपर्यंत घुमट सिमेंटचे झाले होते. विहिरींना सिमेंटच्या कड्या आल्या, पायऱ्यांना फरशी आली. लहानपणी वडलांना एका समाधीचा घुमट मिटवताना, म्हणजे शेवटचा दगड बसवून बंद करताना, त्याने पाहिलं होतं. सगळ्यात वरचा, पाचरीसारखा दगड भोकात उतरला आणि खालून एकदम अंधार झाला. खाली उभ्या असलेल्या बायाबापड्यांनी हात जोडले. तेवढं एक दृश्य त्याने जन्मभर जवळ ठेवलं होतं. बायको छबूबाईला ते इतक्या वेळा सांगितलं होतं की तो सुरू झाला की ती म्हणायची, "व्हय, आन मग अंदार झाला. ताट घ्या पुढं."

छबूबाई कर्जतकडची. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि ठसठशीत. गहिनीनाथला आकडे वाचता यायचे, पण लिहायला बसला की हात दगडासारखा व्हायचा. त्यामुळे घरातलं लिहिणं तिच्याकडे. देवाधर्माचंही तिच्याकडेच. सोमवारचा महादेव तिने कधी चुकवला नव्हता.

त्याच महादेवाच्या देवळावर रस्ता आला.

रस्ता रुंद होणार म्हणून खुणेचे दगड पडले तेव्हा देऊळ अर्धं खुणेच्या आत सापडलं. गावाने अर्ज केले, मोर्चा नेला, साहेबांना नारळ दिले. शेवटी ठरलं की देऊळ रस्त्यापासून आत गायरानात हलवायचं. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी सभा बोलावली. आबासाहेब माजी सरपंच, धोतर पांढरं, आवाज मोठा, मनाने वाईट नाही. ते म्हणाले, जुनं पाडू आणि नवं स्लॅबचं बांधू, आजकाल सगळीकडे तसंच करतात.

गहिनीनाथ कधी सभेत बोलायचा नाही. त्या दिवशी उठला.

"आबा, पाडू नका. मी उतरवतो. दगड दगडाला नंबर टाकून उतरवतो, आन तिकडं जसाच्या तसा चढवतो."

"नाथा, आरं घुमट हाय तो. पत्र्याचं शेड न्हाई."

"माज्या आज्या-पणज्याच्या हातचा हाय म्हंत्यात. मला येतंय ते काम."

मागून कारभारी किराणावाल्याने टोमणा मारला, "जात्याला टाकी लावतूस तसंच का रं?" सभा हसली. पण हसून झाल्यावर लोकांना ते बरं वाटलं. जुना देव जुन्याच घरात राहणार होता. आबासाहेबांनीही मान डोलावली. घरी आल्यावर गहिनीनाथ बायकोला म्हणाला, "छबे, जल्मात एक घुमट मिटवतो मी." ती म्हणाली, "मिटवा. पर आदी उतरवायचा हाय त्यो नीट उतरवा."

उन्हाळ्यात काम निघालं. गुरुजींनी विधी करून पिंड हलवली आणि पत्र्याच्या शेडात ठेवली. घुमटावरचा जुना गिलावा काढल्यावर खालचे काळे दगड उघडे झाले, तेव्हा गहिनीनाथ बराच वेळ नुसता बघत बसला. थर कसे पाडले होते! एकही दगड दुसऱ्यासारखा नव्हता. करणाऱ्याने खाणीतून जसा दगड आला तसा घेतला होता आणि शेजाऱ्याच्या कुशीला जुळेल एवढाच घडवला होता. म्हणजे ज्याची जागा जिथे, तो तिथेच बसणार, दुसरीकडे बसणार नाही.

काम असं ठरलं. गहिनीनाथ आणि दोन गडी खाली चेनपुलीवर, कारण उतरवताना दगडाची कड उडाली तर सगळं संपलं. छबूबाई वर, घुमटाच्या खांद्यावर, लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. थराची खूण म्हणून आडव्या रेघा, आणि दगडाचा आकडा. पहिल्या दिवशी तिने वरून विचारलं, "अवो, सुरवात कुटनं करू? आन कुनीकडनं जाऊ?"

गहिनीनाथ साखळीला तेल घालत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दारावरनं सुरवात कर. देवाला फेरी घालतीस तशी आकडं टाकत जा."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. गावातली पोरंटोरं आणि मोठी माणसंही रोज येऊन मोबाईलवर फोटो काढायची. पण त्या सगळ्या फोटोंत माणसंच होती. कुणी कळसाला हात लावून, कुणी नंदीच्या गळ्यात हात टाकून. घुमटाच्या दगडांचा, त्यांच्यावरच्या लाल आकड्यांचा एकही फोटो कुणी काढला नाही. काढावा असं कुणाला सुचलंही नाही, गहिनीनाथलाही नाही. आकडे दगडावर होते आणि आकडे छबूने टाकले होते, म्हणजे ते बरोबर होते.

मग गायरानाची परवानगी अडकली. दगड बाभळींखाली ओळीने मांडून ठेवले होते. त्यांच्यावरून दोन पावसाळे गेले. पाण्याने आतल्या अंगाची पिढ्यान् पिढ्यांची काजळी धुऊन निघाली, तैलरंगाचे आकडे मात्र तसेच राहिले. शेळ्या दगडांवर चढून बसायच्या आणि गहिनीनाथ त्यांना हाकलायला दिवसातून एक चक्कर मारायचा. गावात मात्र लोक कुरकुरू लागले. देव शेडात आहे म्हणून पाऊस खेचतो, देव शेडात आहे म्हणून अमक्याची म्हैस गेली. परवानगी आली तेव्हा आबासाहेबांनी जाहीर केलं की येत्या शिवरातीला देव आपल्या घरात बसला पाहिजे.

भिंती उभ्या राहिल्या. आत बाभळीच्या लाकडांचा आणि मातीचा ढोला तयार झाला, म्हणजे ज्याच्या पोटावर घुमटाचे दगड टेकून ठेवायचे आणि थर पक्के झाल्यावर जो खालून काढून घ्यायचा तो आधार. वाल्मिक तोडीला गेलेला, म्हणून छबूबाईच चुना कालवायची. एका सोमवारी नारळ फोडून पहिला थर सुरू झाला.

दारापासून निघालेले दगड मागच्या भिंतीपर्यंत अचूक बसत गेले. कूस कुशीला लागली की आतून एक बारीक आवाज यायचा, पेटीचं झाकण बसल्यासारखा. पुढे उत्तरेच्या बाजूला, पिंडीवरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हळीच्या वर आल्यावर मात्र अडलं. पुढचा दगड बसेना. एका कुशीला वर लागला तर खाली फट, दुसऱ्या कुशीला खाली लागला तर वर फट.

"काय झालं वं?" छबूबाईने खालून विचारलं.

"काय न्हाई. हा कोपरा जरा रुसलाय."

त्याने ओळंबा लावून पाहिला, भिंतीचा गोल पुन्हा मोजला. गोल बरोबर होता. मग त्याला आठवलं की जुन्या देवळातही हाच कोपरा गळायचा. म्हणजे करणाऱ्याच्याच हातून इथे काही कमीजास्त झालं असेल, किंवा दगड उतरवताना कड दबली असेल. भिमाजी जुन्या दगडाला टाकी लावू द्यायचा नाही. पण भिमाजीला शिवरात गाठायची नव्हती, आणि रोज सकाळी आबासाहेब येऊन वर बघत उभे राहत नव्हते. गहिनीनाथने टाकी आणि सुतकी, म्हणजे पाथरवटाची हातोडी, घेतली आणि कूस थोडी उतरवली. दगड बसला. पुढचाही थोडा उतरवला, तोही बसला. त्या कोपऱ्यातले चार-पाच दगड असे घासूनपुसून थर बंद झाला. शेवटी राहिलेल्या फटीत त्याने दगडाची एक कपची ठोकली आणि वर चुना फासला.

दुसऱ्या थरालाही तेच. तिसऱ्यालाही. आता त्याला सवय झाली. कोपरा आला की सुतकी हातात यायची. उलट थोडा अभिमानही वाटू लागला की करणाऱ्याची चूक आपण निस्तरतो आहोत. कारभारी एकदा बघायला आला. "लगा नाथा, खरंच चढवतूय की रं! मला वाटलं दळूनच टाकतूस." गहिनीनाथ त्या दिवशी जेवताना दोन भाकरी जास्त जेवला.

थर आत झुकत गेले, घेर लहान होत गेला. मग नागाचा थर आला. घुमटाच्या आतल्या अंगाने एक नाग कोरलेला आहे, एवढं गावाला ऐकून ठाऊक होतं, पण काजळीमुळे जिवंत माणसांपैकी कुणी तो नीट पाहिला नव्हता. आता धुऊन निघाल्यामुळे प्रत्येक दगडाच्या पोटावर त्याचा एकेक तुकडा दिसत होता. दारावरच्या दगडावर शेपटीचं टोक. पुढे दगडागणिक अंग जाड होत गेलेलं, खवले मोठे होत गेलेले. गहिनीनाथ प्रत्येक दगड आडवा करून हाताने नाग चाचपायचा आणि मग जागेवर बसवायचा. नाग देवळाला वळसा घालून पन्हळीपाशी आला. तिथला दगड बसला. त्याने पुढच्या आकड्याचा दगड वर घेतला आणि आडवा केला.

त्यावर नागाचा फणा होता.

अंग अजून पोटाशी आलं होतं, मानेचा पत्ता नव्हता, आणि मधेच फणा कसा? त्याने त्याच्या पुढच्या आकड्याचा दगड उलटवला. त्यावर फण्याखालची मान. त्याच्या पुढच्यावर मानेखालचा भाग. शेवटच्या आकड्याच्या दगडावर जाड पोट, नुकत्याच बसवलेल्या दगडावर होतं तेवढ्याच जाडीचं.

तो परांचीवर उकिडवा बसला. मग हाक मारली, "छबे, जरा वर ये."

"चुना भिजतूय माजा."

"भिजू दे. ये."

ती शिडी चढून वर आली, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढरे.

"आकडं टाकताना फेरी कशी घातलीस तू?"

"कशी म्हंजी? तुमी सांगितली तशी. देवाला घालती तशी."

"कशी ते दाव."

तिने पांढऱ्या हाताने हवेत दाखवलं. दारापासून निघाली, दक्षिणेकडून मागे गेली, उत्तरेकडे पन्हळीपर्यंत आली आणि हात थांबवला. मग हात तसाच मागे फिरवून पुन्हा दारापाशी आणला आणि दुसऱ्या बाजूने पन्हळीकडे नेला.

"पन्हळ वलांडायची नसती न्हवं महादेवाची," ती म्हणाली. "हितनं तिथवर, मग माघारी, मग तिकडनं. सारं गाव अशीच फेरी घालतंय."

"छबे, पिंड तवा शेडात हुती."

"मग? देव हलला म्हनून जागा हलती व्हय? आदीच देवाच्या डोक्यावर उभी ऱ्हायले हुते मी. त्यात पन्हळ वलांडू?" मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "का वं? काय झालं?"

त्याने तिला नाग दाखवला. तिला लगेच कळलं. तिची बुद्धी तशी त्याच्यापेक्षा तल्लख होती. प्रत्येक थराचा दार ते पन्हळ हा लहान तुकडा उलटा लागला होता. जो दगड पन्हळीजवळचा तो दाराजवळ गेला होता आणि दाराजवळचा पन्हळीपाशी आला होता.

"आगं आई," ती म्हणाली आणि क्षणभराने तिच्या तोंडावर उजेड आला. "मग उलटं लावा की! आकडंच चुकल्यात, दगड कुटं चुकल्यात? खालचं काडा आन फिरवून लावा. आठ दिसाचं काम."

गहिनीनाथ खाली वाकला. त्याने खालच्या थराच्या कुशीवरचा ओला चुना बोटाने खरवडला. खाली नवी, पांढुरकी, ताजी घडलेली कड दिसली. जुन्या काळ्या दगडावर ती पांढरी कड ओरखड्यासारखी दिसत होती.

"ही टाकी कुनी लावली?" तिने विचारलं.

"मी."

"समद्या थरांना?"

"त्या कोपऱ्यातल्या समद्या."

ती परांचीवर बसली. खाली चुना भिजून गेला तरी कुणी उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, "इचारायचं हुतं मला. पयल्याच दगडाला इचारायचं हुतं."

"तुजं आकडं हुतं. काय इचारू?"

दुसऱ्या दिवशी त्याने दगड आपापल्या खऱ्या जागी लावून पाहिले. ज्या कुशी एकमेकींना चिकटून पिढ्यान् पिढ्या उभ्या होत्या त्यांच्यात आता अंगठा जाईल एवढी फट होती. फट चुन्याने भरता आली असती. वरून कुणाला कळलंही नसतं. पण थर उभा राहतो तो दगडाला दगड टेकल्यामुळे, चुन्यामुळे नव्हे, हे त्याला सीताफळ हातात धरल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी आशा म्हणून त्याने त्या कोपऱ्याखालच्या ढोल्याच्या पाचरी किंचित सैल केल्या. थर बोटभर खाली बसला आणि चुन्यातून बारीक माती गळू लागली. त्याने पाचरी पुन्हा ठोकल्या आणि खाली उतरला.

शेडातच सभा भरली. पिंडीवर गळतीचं भांडं टांगलेलं होतं, त्याचा ठिबक ठिबक आवाज येत होता. गहिनीनाथ हात बांधून उभा राहिला.

"आबा, काम चुकलंय माज्याकडनं. जुन्या दगडाला मी टाकी लावली. त्या कोपऱ्याचं समदं दगड आता नवं घडवाया लागतील. मला पावसाळ्यापत्तोर सवड द्या."

बायकांच्या बाजूने छबूबाई उठली. "त्यांचं न्हाई चुकलं. आकडं मी टाकलं हुतं, उलटं."

"गप बस तू."

"का गप बसू? खोटं बोलताय देवाम्होरं?"

"आकडं बरोबर हुतं तिचं, आबा. फेरी घाल म्हनून मीच..."

आबासाहेबांनी हात वर केला. ते चिडले नव्हते, थकले होते. "नाथा, छबूबाई, चूक कुनाची ते ऱ्हाऊ द्या. आमाला काय त्यावर खटला चालवायचाय? मला एकच सांग. शिवरातीला छत हुतंय का?"

"न्हाई."

"दगड कुटनं आननार तू नवं? खान तर क्रशरवाल्यानं घेतली."

"बघतो कुटं मिळतोय का. मांडवगणाकडं..."

"आरं लोक दोन वर्सं झाली मला इचारत्यात, देवाला घर कवा. म्हाताऱ्या बाया रडत्यात. मी किती दिस थांबवू?" मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "तू मनानं केलंस, आमाला दिसतंय. पर आता सोड."

कुणी त्याला दोष दिला नाही. कारभारीसुद्धा खाली बघत बसला होता. शिव्या दिल्या असत्या तर गहिनीनाथला बरं वाटलं असतं. त्यांनी त्याच्या चुकीचं मोल केलं नाही, कारण त्याच्या कामाचंच मोल त्यांना कधी कळलं नव्हतं. छत हवं होतं, ते दगडाचं की सिमेंटचं हा प्रश्न गहिनीनाथचा होता, त्यांचा नव्हता.

जामखेडचा ठेकेदार सुनील दोन दिवसांत सेंट्रिंगच्या फळ्या घेऊन आला. पोरगा बोलायला नम्र होता. दगड उतरवायला जेसीबी लावू का, असं त्याने आधी गहिनीनाथला विचारलं. गहिनीनाथ म्हणाला, "मी उतरवतो." ह्या वेळी आकडे टाकायचे नव्हते. दगड ओढ्याच्या पुलाखाली, पाण्याने माती वाहू नये म्हणून टाकायचे ठरले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ते धडाधड खाली पडताना त्यांच्या कडा उडत होत्या. नागाच्या फण्याचा दगड मात्र कुणीतरी वाटेत उतरवून पिंपळाखाली ठेवला आणि त्याला शेंदूर लावला. संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढे दोन नारळ फुटले होते. उरलेला नाग पुलाखाली गेला.

सिमेंटचा घुमट एका दिवसात ओतला गेला. सकाळी मिक्सर सुरू झाला आणि दिवस मावळायच्या आत वर गोल टोपी तयार होती. त्यात ना थर होते, ना सांधे. पाणी मारायला छबूबाईला बोलावलं होतं. ती गेली नाही. सोमवारीही देवाला गेली नाही. गहिनीनाथने विचारलं नाही.

शिवरातीच्या आधी बाहेरून गिलावा झाला तेव्हा सुनील स्वतः गहिनीनाथच्या घरी आला.

"बाबा, एक काम हाय. आबासाहेब म्हंत्यात, घुमट जुन्यासारखा दिसाया पायजे. गिलावा वला हाय तवर त्याच्यावर दगडाच्या रेघा मारून द्या. आमच्या मिस्तऱ्याला भितीवर जमत्यात, गोलावर न्हाई जमत. वर जाऊन समदं येडंवाकडं हुतंय."

छबूबाई चुलीपुढे होती. ती वळली नाही. गहिनीनाथने भिंतीवरच्या खिळ्याची सुतळी काढली आणि त्याच्याबरोबर गेला.

वर चढल्यावर हात आपोआप चालू लागला. सुतळीचं एक टोक कळसाच्या सळईला बांधून त्याने आधी थरांचे गोल काढले, खाली रुंद, वर अरुंद होत जाणारे. मग खिळ्याने उभ्या रेघा, खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या दगडाचं पोट येईल अशा. दगड कुठे रुंद होता, कुठे अरुंद, हे त्याला अजून पाठ होतं. उत्तरेच्या कोपऱ्यातलेही त्याने जसे होते तसेच काढले. सगळे आपापल्या जागी आले. ओल्या गिलाव्यात खिळा लोण्यात फिरावा तसा फिरत होता. कुठे काही अडलं नाही. सगळ्यात वर त्याने चावीचा, म्हणजे घुमट मिटवणारा दगड काढला, एक वाटोळी रेघ, आणि खिळा खिशात टाकला.

खाली आबासाहेब, कारभारी आणि चारदोन माणसं मान वर करून उभी होती.

"वा रं नाथा!" आबासाहेब म्हणाले. "आता कसं दगडी वाटतंय. कुनी म्हननार न्हाई सिमेटचं हाय म्हनून."

"हे आदीच का न्हाई केलं?" कारभारी म्हणाला. तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

आबासाहेबांनी शिवरातीला सगळ्यांसमोर टॉवेल-टोपी घालायचं कबूल केलं. गहिनीनाथ बरं म्हणाला आणि घरी निघाला. अंगणात लग्नाचं पहिलं जातं येऊन पडलं होतं. आणून ठेवणारं माणूस थांबलं नव्हतं. तो हातपाय धुऊन आत आला. छबूबाईने ताट पुढे ठेवलं, पाण्याचा तांब्या भरला आणि समोर बसली.

"झालं?"

"झालं."

"मापात आलं?"

"रेगाच हायेत. मापात न यायला काय?"

तिने तांब्या त्याच्याजवळ सरकवला. "आन आतनं?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आतनं काय न्हाई," तो म्हणाला. "आतनं गुळगुळीत हाय."